झडीच्या दिवसांत गोठा कोरडा ठेवताना

अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला, घाटघर, साम्रद, रतनवाडीच्या पट्ट्यात, जूनच्या मध्याला पाऊस लागतो तो श्रावण सरत आला तरी पुरता उघडत नाही. वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस, आणि त्यातला बराचसा आषाढ-श्रावणात. त्याच तालुक्याच्या पूर्व टोकाला लोक बाजरीसाठी आभाळाकडे डोळे लावून बसलेले असतात. इथं सलग दहा-दहा दिवस कपडा वाळत नाही, चूल पेटायला अर्धा तास लागतो आणि समोरचा कडा धुक्यात दिसत नाही.

अशा ठिकाणी जनावर ठेवताना एक गोष्ट पहिल्यांदा समजून घ्यायला हवी: इथल्या जनावराला वरून पडणाऱ्या पावसाचा त्रास फार नाही. इथली डांगी जातीची गाय दिवसभर पावसात चरते. तिच्या कातडीला तेलकटपणा असतो, त्यामुळे पाणी अंगावर ठरत नाही, आणि खूर काळे व टणक असतात. पण हीच गाय रात्री ओल्या जमिनीवर बसली, बुरशीचा पेंढा खाल्ला, की आठ-पंधरा दिवसांत सड सुजतो नाहीतर पाय धरतो. नुकसान होतं ते खालच्या ओलीनं. म्हणून बैलजोडी, दोन गाई, एक वासरू, आठ शेळ्या आणि वीसेक कोंबड्या एवढा पसारा दोन माणसांनी सांभाळायचा असेल, तर पहाटेपासून रात्रीपर्यंतची सगळी धावपळ ओल हटवण्याचीच असते. पुढं लिहिलंय ते याच हिशेबानं.

पहाटे पाचला गोठ्यात जाताना हातात बॅटरी हवीच. फुरसं आणि मण्यार पावसाळ्यात कोरडी जागा शोधत गोठ्यात, लाकडांच्या फटीत येतात. आत गेल्यावर लगेच झाडलोट सुरू करायची नाही. आधी शेण बघायचं. मधे खळगा पडलेला, गोल थापीसारखा पो असेल तर पोट ठीक. पातळ, हिरवं, पिचकारीसारखं उडालेलं असेल तर कोवळं गवत जास्त झालंय, आज सकाळी कोरडा पेंढा वाढवायचा. वर बुळबुळीत पडदा किंवा रक्ताचा धागा दिसला तर ते जनावर आज रानात जाणार नाही. मग कोण उठून उभं राहिलं, कोण बसूनच आहे, कोण रवंथ करत नाही, हे बघायचं. ही पाच मिनिटं वाचवली तर पुढं पाच दिवस आजारपणात जातात.

शेण काढून झालं की जमिनीचा प्रश्न. गोठ्याची जमीन बांधतानाच तिला उतार द्यावा लागतो. गाय उभी राहते ती जागा गव्हाणीपासून मागं साधारण साडेपाच-सहा फूट आणि रुंदीला चार फूट धरायची, आणि एवढ्या लांबीत मागच्या बाजूला दीड-दोन इंच उतार. त्याहून जास्त दिला तर जनावराचा भार कायम मागच्या पायांवर येतो आणि गाभण गाईला ते सोसत नाही. कमी दिला तर मूत तिथंच मुरतं. मागं नऊ इंच ते फूटभर रुंद आणि दोन-तीन इंच खोल गटार, तेही बाहेरच्या खड्ड्याकडे उतरतं. गटार जास्त खोल केलं तर पाय अडकून मुरगळतो.

गुळगुळीत सिमेंटचा कोबा इथं करू नये. मोठ्या हौसेनं लोक करतात आणि पहिल्याच पावसाळ्यात गाय घसरून फऱ्यावर, म्हणजे मांडीवर, पडते. चोपलेला मुरूम आणि वर खडबडीत दगडी फरशी बसवली की पाय ठरतो. कोबा केलाच असेल तर ओला असतानाच त्यावर दोरी दाबून आडव्या-उभ्या रेघा उमटवून घ्याव्यात. नुसत्या मुरमाच्या जमिनीत पुढच्या पायांपाशी खळगे पडतात. ते दर वर्षी मे महिन्यात उकरून, नवा मुरूम टाकून, पाणी मारून चोपून घ्यायचे. जुलैत हे काम होत नाही, मुरूम बसतच नाही.

जमिनीवर अंथरायला भाताचं तूस, वाळलेला पाला, जनावरांनी उष्टावलेल्या पेंढ्याचे बुडखे, यातलं जे कोरडं असेल ते. गाईला रोज दोन-तीन किलो लागतं. चुलीतली राख टाकून देऊ नये, चाळून गोणीत भरून ठेवावी. मूत शोषून घ्यायला तिच्यासारखं दुसरं काही नाही. चुना मात्र जपून वापरायचा. चुन्याची भुकटी शेण-मुताच्या ओलीवर पडली की नाकाला झोंबणारा वायू जास्तच सुटतो. जागा पूर्ण साफ करून, पाणी निथळल्यावर पातळ थर भुरभुरायचा, वर अंथरूण घालायचं, मगच जनावर बांधायचं.

हवा कशी आहे हे उभ्यानं कळत नाही. वासराजवळ उकिडवं बसून, त्याच्या नाकाच्या उंचीवर दोन-तीन श्वास घेऊन बघा. डोळे चुरचुरले तर रात्रभर त्या वासराची छाती हेच ओढत होती. पश्चिमेचा वारा पाऊस आडवा आणतो म्हणून लोक चारी बाजूंनी प्लास्टिकचा कागद ठोकतात आणि गोठ्याचा डबा होतो. पश्चिम आणि दक्षिण बाजू बंद हव्यात. कारवीचा कुड शेणमातीनं लिंपलेला असेल तर त्याला बाहेरून गवताच्या पेंढ्या उभ्या बांधायच्या, नाहीतर झडीनं लिंपण धुऊन जातं. पूर्वेला मात्र वळचणीखाली फूट-दीड फूट मोकळं ठेवायचं. निरगुडीच्या पाल्याची धुरी संध्याकाळी अर्धा तास पुरते, डास हटतात. रात्रभर धुमसत ठेवली तर जनावर खोकायला लागतं, आणि वर माळ्यावर पेंढा असतो हेही विसरून चालत नाही.

धार काढायच्या आधी वासरू सोडायचं, गाईला पान्हा फुटला की बाजूला बांधायचं. कोमट पाण्यानं सड धुवायचे, आणि हे फार महत्त्वाचं, कोरड्या फडक्यानं पुसायचे. कास न पुसता धार काढली तर कासेवरचं घाण पाणी ओघळून हातावर, सडाच्या तोंडाशी आणि भांड्यात येतं. प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा काळ्या फडक्यावर घ्यायच्या. पांढऱ्या कण्या, दोरा, पाण्यासारखं दूध काळ्यावर लगेच दिसतं; कास सुजून दगडी व्हायच्या आधी एक-दोन दिवस हीच खूण मिळते. अंगठा दुमडून ओढण्याची सवय अनेकांना असते, त्यानं सडाला आतून इजा होते. पूर्ण मुठीत धरून वरून खाली दाबत आणायचं. डांगी गाय दूध थोडंच देते, त्यात वासराचा वाटा ठेवायचा, म्हणून घाई कशाचीच नाही. धार झाली की गाईपुढं लगेच पेंढा टाकायचा. सडाचं तोंड अर्धा तासभर उघडं असतं. खात राहिली तर उभी राहते, आणि तेवढ्यात ते मिटतं. रिकाम्या गव्हाणीपुढं ती लगेच खाली बसते आणि जमिनीवरचं सगळं उघड्या सडाला लागतं.

वैरणीचा हिशेब पावसाळ्याआधी मांडायचा असतो. अडीचशे-तीनशे किलोच्या जनावराला दिवसाला सात-आठ किलो सुका अंश, म्हणजे पाणी वगळून उरणारा चारा, लागतो. रानात हिरवं भरपूर दिसतं, पण जून-जुलैचं कोवळं गवत म्हणजे बहुतेक पाणीच. पोट भरतं आणि अंग झडतं. म्हणून मोठ्या जनावराला रोज पाच किलो कोरडं धरायचं. चार मोठ्या जनावरांना १२० दिवसांचं २४०० किलो, वासराला दोन किलोप्रमाणे २४०, आठ शेळ्यांना अर्धा-अर्धा किलो म्हणजे ४८०. झाले ३१२० किलो. दहा टक्के भिजून वाया जाणार हे धरून साडेतीन टन. एकरभर भातातून बारा-पंधरा क्विंटल पेंढा निघतो, म्हणजे नुसत्या पेंढ्यावर भागत नाही. उरलेलं डोंगरी गवतानं भरून काढावं लागतं.

सकाळी रानात सोडण्याआधी प्रत्येकाच्या पोटात दोन किलो पेंढा गेलेला हवा. उपाशी जनावर ओल्या कोवळ्या गवतावर तुटून पडतं आणि डाव्या कुशीत पोट फुगतं. बोटानं टिचकी मारली की ढोलासारखा आवाज येतो. अशा वेळी मोठ्या जनावराला पाव लीटर गोडंतेल, शेळीला तीस-चाळीस मिलिलीटर, सावकाश पाजायचं. तेलानं आतला फेस मोडतो. पाजताना मान आडवी, फार तर किंचित वर. जीभ ओढून धरायची नाही आणि जनावर खोकलं की बाटली लगेच काढायची. मान आभाळाकडे करून ओतलेलं तेल फुप्फुसात जातं, आणि ते जनावर पोटफुगीतून वाचून नंतर न्यूमोनियानं जातं. पुढचे पाय उंचवट्यावर येतील असं उभं करून हळूहळू चालवायचं. कुस कण्याच्या वर आली, जनावर तोंड उघडून श्वास घेऊ लागलं, तर घरगुती उपाय बंद, डॉक्टरच हवेत.

बुरशीचा पेंढा मन घट्ट करून खड्ड्यात टाकायचा. वरची ओली पेंढी झटकून खालची चांगली म्हणून घातली जाते, तिथंच चुकतं. काळपट, दमट वासाचा भाताचा पेंढा बरेच दिवस पोटात गेला तर शेपटीचं टोक, कानाची टोकं थंड पडून सुकतात आणि गळून जातात, खुरांच्या वर जखमा होतात. गाभण गाईला तर असलं काही दाखवूसुद्धा नये. पेंडीचं पोतं भिंतीपासून हातभर लांब, फळीवर ठेवायचं आणि पावसाळ्यात पंधरा दिवसांपुरतंच आणायचं. गाई-बैलांना रोज तीस ग्रॅम मीठ आणि पन्नास ग्रॅम क्षार मिश्रण द्यायचं. पाणचट गवतावर असताना मीठ कमी पडलं की जनावरं एकमेकांचं अंग आणि भिंती चाटायला लागतात.

शेळ्यांचं गणित वेगळं. शेळीला पाऊस बिलकुल मानवत नाही. कोरड्या टापूतल्या बाजारातून जूनमध्ये धष्टपुष्ट शेळी आणली तर ती इथं पोळ्यापर्यंत टिकणं कठीण. शेळ्या आणायच्या तर दिवाळीनंतर, म्हणजे थंडी-उन्हाळा काढून त्या रुळतात. त्यांना जमिनीवर न ठेवता बांबूचं माचाण करावं, जमिनीपासून अडीच-तीन फूट उंच. पट्ट्यांमधली फट दीड सेंटिमीटर. त्याहून कमी झाली तर लेंड्या अडकून वर चिखल होतो, जास्त झाली तर पाय जातो. करडांच्या कोपऱ्यात एक सेंटिमीटरच ठेवायची. एका शेळीला दहा-बारा चौरस फूट जागा. बांबूच्या गाठी तासून घ्यायच्या, नाहीतर कासेला ओरखडे येतात. माचाणाखालच्या लेंड्या आठवड्यातून एकदा ओढून काढल्या की तेच भाजीपाल्याच्या वाफ्यांचं उत्तम खत.

आठवड्यातून दोनदा खूर बघायचे. शेळीला भिंतीशी टेकवून पाय गुडघ्यात मागं दुमडायचा, दोन नख्यांच्या बेचक्यात बोट घालायचं. निरोगी बेचकं गुलाबीसर आणि थंड लागतं. पांढरट, फुगलेली कातडी, कुजका वास आणि दाबल्यावर पाय झटकणं म्हणजे खूरसड सुरू झाली. वाढलेली नखी पुढून आत वळते, तिच्याखाली चिखल साचून राहतो. ती धारदार कात्रीनं थोडी थोडी छाटायची आणि खाली गुलाबी दिसू लागलं की थांबायचं, पुढं रक्त आहे. मग मोरचूद, लीटरला पन्नास ग्रॅम, प्लास्टिकच्या घमेल्यात दोन-तीन इंच, त्यात पाच-दहा मिनिटं पाय. लोखंडी घमेलं मोरचूद खातो आणि पाण्याची ताकद जाते. शेळीला ते पाणी पिऊ द्यायचं नाही, विषारी असतं. आधी साधं पाणी पाजून, तहान भागवूनच त्यात उभं करायचं. पाय बुडवून झाले की चिखलात न सोडता तासभर कोरड्या माचाणावर. हे शेवटचं राहिलं तर बाकी सगळी मेहनत फुकट जाते.

शेळ्या सकाळी दव आणि सर उतरल्यावर, नऊनंतर सोडाव्यात. ओल्या गवताच्या टोकांवर जंतांची पिल्लं चढलेली असतात. जमेल तितकं झाडपाल्यावर चारावं. घाणेरीच्या जाळीपासून दूर ठेवावं. भुकेलं जनावर तीही खातं, मग कावीळ होते आणि उन्हं पडली की अंगावरच्या पांढऱ्या भागाची कातडी सोलून निघते. पाच वाजता सगळ्या आत, मोजून. धुक्यात बिबट्या दिवसाही वस्तीजवळ येतो. माचाणाच्या घराला छपराखालच्या मोकळ्या भागातही जाळी हवी, कारण तो दारातून कमी आणि कौलं सरकवून, कुडावरून जास्त येतो. जनावर गेलंच तर जागेवरून हलवायचं नाही, लगेच वनरक्षकाला कळवायचं; पंचनामा झाल्याशिवाय भरपाई मिळत नाही.

कोंबड्यांना खुराड्यात तुसाची तीन इंच गादी. ती रोज काठीनं खालीवर करायची. ओल ओळखायची सोपी रीत: मूठभर तूस घट्ट दाबून मूठ उघडायची. लाडू तसाच राहिला तर गादी ओली, आजच बदला. भुरभुर मोकळं झालं तर ठीक. अजिबात चिकटलंच नाही आणि धूळ उडाली तर जास्त कोरडं, पण या दिवसांत ती तक्रार कुणाची नसते. ओल्या गादीत रक्ती हगवण लागते आणि महिना-दीड महिन्याची पिल्लं दोन दिवसांत जातात. म्हणून जून ते ऑगस्टात कोंबडी खुडूक बसली तरी अंड्यांवर बसवू नये. बसवायची तर होळीच्या आधी किंवा दसऱ्यानंतर, दहा-बारा अंडी, २१ दिवस. सातव्या रात्री बॅटरीवर धरून अंडी तपासायची, लाल शिरांचं जाळं दिसेल ती ठेवायची. खुराड्याला अर्ध्या इंचाची जाळी हवी. मुंगूस इंचभर फटीतूनही डोकं घालतं.

बैलांचे हाल भातखाचरांच्या चिखलणीत होतात. भिजलेलं जू फुगतं, खरखरीत होतं, आणि खांद्यावरची ओली कातडी रगडली जाते. दर संध्याकाळी खांद्यावर तळहात ठेवून बघायचं. एखादी जागा गरम, फुगीर लागली तर दुसऱ्या दिवशी तो बैल आवताला नाही, मग आवणी, म्हणजे भाताची लावणी, एक दिवस मागं पडली तरी चालेल. सुज फुटून जखम झाली तर महिना जातो आणि पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा होते. जुवाला तेल पाजायचं ते उन्हाळ्यातच.

लसी मे महिन्यात, पावसाच्या आधी: मोठ्या जनावरांना घटसर्प आणि फऱ्या, शेळ्यांना आंत्रविषार, त्याचे दोन डोस पंधरा दिवसांच्या अंतरानं. टोचल्यावर अंगात ताकद यायला दोन-तीन आठवडे जातात, म्हणून पहिल्या पावसानंतर टोचणं उशिराचं ठरतं. गळा सुजून श्वासाला घरघर लागली तर घटसर्प. तरण्या जनावराचा फरा सुजून दाबल्यावर चरचर वाजला तर फऱ्या. दोन्हींत तासांचा हिशेब असतो, १९६२ या क्रमांकावर फोन करायचा. रेंज कुठल्या टेकाडावर येते हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावं. खाचरांच्या कडेनं चरणाऱ्या जनावरांच्या जबड्याखाली पाण्याची सूज लोंबायला लागली तर ते शंख-गोगलगायींकडून आलेले यकृतातले चपटे कृमी. नेहमीचं जंताचं औषध त्यांवर पुरत नाही. डॉक्टरांना सूज दाखवून वेगळं औषध मागावं.

आणि माणसानं स्वतःचे पाय. चिखलात अनवाणी, त्यात टाचेला भेग, त्यात उंदरांचं मूत मिसळलेलं पाणी: लेप्टोचा ताप असाच येतो. गमबूट घालावेत, जखमेवर खोबरेल लावून पट्टी बांधावी, आणि ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं एकत्र आलं तर दवाखान्यात सांगावं की गोठ्यात काम करतो.

पोळ्याला खांदेमळणी होते, बैलांच्या खांद्यांना लोणी-हळद लागते, आणि तिथून पाऊस मोकळा श्वास घेऊ देतो. पण पुढच्या आषाढाची तयारी घटस्थापनेनंतर लगेच सुरू होते. डोंगरी गवत फुलोऱ्यात असताना कापायचं. बी झडेपर्यंत थांबलं की उरतात नुसत्या काड्या, आणि कुसळी गवताची कुसळं जनावराच्या तोंडात रुततात. कापून दोन-तीन दिवस पसरून, उलटून वाळवायचं. पेंढीच्या मध्यात हात घालून बघायचा. आत गार लागलं तर अजून एक ऊन. ओलं रचलं तर गंजी आतून तापते, काळी पडते. बुडाशी दीड फूट दगड आणि त्यावर लाकडाचे ओंडके, म्हणजे खालून वारा खेळतो आणि वाळवी चढलेली दिसते. पेंढ्यांचे बुडखे बाहेर, शेंडे आत. मधला भाग कडेपेक्षा कायम उंच ठेवत जायचं, तरच बाहेरच्या पेंढ्या बाहेरच्या बाजूला उतरत्या राहतात आणि पाणी आत न शिरता ओघळून जातं. माथ्यावरच्या शेवटच्या पेंढ्या शेंडे खाली करून, छत्रीसारख्या, वेलीनं आवळून बांधायच्या, आणि मे महिन्याच्या अखेरीला ते सगळं उतरवून गोठ्याच्या माळ्यावर चढवायचं. आधी गवत, वर पेंढा, कारण जूनमध्ये पहिल्यांदा हाताशी पेंढाच लागतो.